वार्धक्यातील स्मृतिर्‍हास : रसायनापूर्वी कारणशोध

प्रास्ताविक

“आता वय झाले, विसरायला होणारच,” असे वृद्ध रुग्णाचे नातेवाईक हमखास सांगतात. आपणही ते पुष्कळदा मान्य करतो आणि ब्राह्मी लिहून देऊन मोकळे होतो. वार्धक्य हे निदान नव्हे, एवढेच प्रस्तुत लेखात आम्हांला मांडावयाचे आहे. मेध्य रसायनाची योजना करण्यापूर्वी स्मृतिर्‍हासाच्या उपचारसाध्य कारणांचा शोध घेणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य होय.

शास्त्रविचार

शार्ङ्गधराचार्यांनी दर दशकागणिक एकेका भावाचा र्‍हास सांगितला आहे. त्यांनी मेधेचा र्‍हास चौथ्या, तर बुद्धीचा नवव्या दशकात मानला आहे. म्हणजे वयानुसार होणारा काही बदल शास्त्रसंमतच आहे. परंतु सुश्रुताचार्य सूत्रस्थानाच्या २४व्या अध्यायात जरेचे कालज आणि अकालज असे दोन भेद करतात. शरीराचे योग्य रक्षण करूनही येते ती कालज, रक्षणाअभावी येते ती अकालज. वैद्याचे खरे कार्यक्षेत्र हा दुसरा भेद आहे.

ओळखीच्या माणसाचे नाव उशिरा आठवणे हे कालज असू शकेल. परंतु नित्याच्या देवळातून परतताना वाट चुकणे, जन्मभर केलेल्या आमटीत मीठ दोनदा पडणे, पेन्शनचा हिशेब अचानक न जमणे, ही लक्षणे आढळल्यास चौकशी झालीच पाहिजे.

रुग्णानुभव

आमच्या हातून घडलेली एक चूक येथे नमूद करतो. वय वर्षे ६८, सेवानिवृत्त शिक्षक, पूर्ण शाकाहारी, मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन चालू. विस्मरण, चिडचिड आणि तळपायांना मुंग्या या तक्रारी घेऊन ते आले. वय, रूक्षता आणि मुंग्या पाहून आम्ही वातप्रकोप ठरविला. मंडूकपर्णी स्वरस, रात्री घृत आणि अभ्यंग अशी योजना केली. झोप सुधारली, त्यामुळे उपचार योग्य दिशेने चालल्याचे समाधान आम्ही मानले.

चौथ्या महिन्यात ते अंधारात न्हाणीघरात पडले. तेव्हा प्रथमच आम्ही त्यांना डोळे मिटून उभे राहण्यास सांगितले. त्यांचा तोल गेला. जीभ लाल व गुळगुळीत होती, ती पहिल्या दिवशीही तशीच असावी. रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व किमान मर्यादेच्या खूपच खाली आले. इंजेक्शने सुरू केल्यावर काही आठवड्यांत बोलण्यातला गोंधळ कमी झाला, पुढे हिशेबही जमू लागला. पायांची बधिरता मात्र पूर्णपणे गेली नाही. मज्जातंतूंची हानी दीर्घकाळ राहिल्यास ती भरून येत नाही. ते चार महिने आमच्या हातून गेले, हे आम्ही विसरू शकत नाही.

वातप्रकोप हे आमचे अनुमान सर्वस्वी चुकीचे नव्हते, धातुक्षयाने वात वाढतोच. क्षय कशाचा, हा प्रश्न विचारावयाचा राहिला होता.

कारणशोध

स्मृतिर्‍हासाच्या प्रत्येक वृद्ध रुग्णात आम्ही आता पुढील क्रम पाळतो.

१. काळ : गोंधळ काही तासांत किंवा दिवसांत उद्भवला असल्यास संसर्ग, सोडियमची घट, साखर उतरणे, पक्षाघात यांचा विचार करून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. डोक्याला किरकोळ मार लागल्यावर काही आठवड्यांनीही कवटीच्या आत रक्त साचलेले आढळते. सबब पडल्याचा इतिहास आवर्जून विचारावा.

२. तपासण्या : रक्तगणना, बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम, मूत्रपिंडाचे कार्य आणि रक्तदाब.

३. चालू औषधे : झोपेच्या, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या आणि वारंवार लघवीवरील काही गोळ्या स्मृती मंदावतात. मेटफॉर्मिन व आम्लनाशक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते. कोणतीही गोळी परस्पर बंद न करता ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे.

४. श्रवण, दृष्टी आणि मन : जे ऐकूच आले नाही, ते आठवणार कसे? जोडीदाराच्या निधनानंतरचे नैराश्यही विस्मरणाचे रूप घेते.

आहारविचार

एकट्या वृद्धाचा आहार हळूहळू चहा-बिस्किटांवर येतो. दात नसल्याने भाकरी सुटते, भाकरीबरोबर भाजी-आमटीही सुटते. अशा वेळी मऊ मुगाची खिचडी व तूप, दुधात कुस्करलेली भाकरी, नाचणीची आंबील, ताजे ताक, शिजवलेली पालेभाजी, जवसाची चटणी असा अग्निबलानुसार आहार सांगावा. मात्र पालक, नाचणी, मोड आलेली कडधान्ये यांतून बी-१२ मिळत नाही. शाकाहारात ते दूध व दुग्धजन्य पदार्थांतूनच येते. शोषणच मंदावले असेल तर तेही पुरत नाही, तेथे औषधरूपानेच द्यावे लागते. बी-१२ न तपासता केवळ फॉलिक आम्ल दिल्यास पांडुता सुधारलेली दिसते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.

औषधिविचार

चरकाचार्यांनी रसायनाध्यायाच्या तिसऱ्या पादात मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत. योजना करताना द्रव्यनिश्चिती महत्त्वाची. आपल्याकडे ‘ब्राह्मी’ या नावाने पुष्कळदा कारिवणा म्हणजे मंडूकपर्णीच मिळते, जलब्राह्मी ही वेगळी वनस्पती आहे. जलब्राह्मीच्या छोट्या चाचण्यांत निरोगी व्यक्तींच्या स्मरणात माफक सुधारणा दिसली आहे. प्रस्थापित डिमेन्शिया तिने बरा होतो असे सिद्ध झालेले नाही, म्हणून तसे आश्वासन देऊ नये. अपस्माराच्या रुग्णांत अधिक सावध राहावे. शंखपुष्पीच्या एका कल्पामुळे फेनिटॉइनची रक्तातील मात्रा घटते, हे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात दिसून आले.

एकत्रित उपायांना मात्र चांगला आधार आहे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या, धोका अधिक असलेल्या १२६० व्यक्तींवर दोन वर्षे चाललेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींवर देखरेख यांच्या संयोगाने बौद्धिक क्षमतेस लाभ झाला. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली बदलता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, एकाकीपणा, तंबाखू यांचा समावेश आहे. आहार, विहार आणि सद्वृत्त यांची सांगड घालणाऱ्या आपल्या परंपरेला ही वाट परकी वाटू नये.

उपसंहार

मेध्य रसायनांवरील आमची श्रद्धा कमी झालेली नाही. परंतु ज्या भूमीत ते पेरावयाचे ती आधी तपासली पाहिजे. आपल्यापुढे बसलेला वृद्ध स्वतःची तक्रार धड सांगू शकत नाही, घरच्यांनी ती वयाच्या नावे टाकून दिलेली असते. आपणही तेच केले, तर त्याच्या बाजूने विचारणारा कोणी उरत नाही. यासाठी पहिल्या भेटीत नाडीबरोबर जिव्हा पाहावी, औषधांची पिशवी उघडून पाहावी आणि रुग्णास चार पावले चालवून पाहावे, एवढीच समव्यवसायी बंधुभगिनींना आमची विनंती आहे.