खारे पाणी आणि दोन धातू

शेगावच्या उत्तरेला पूर्णा नदीचे खोरे आहे. जमीन काळी, कसदार. पण तिच्या पोटातले पाणी खारे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. लोक त्याला खारपाण पट्टा म्हणतात. या पाण्यात डाळ नीट शिजत नाही, हे घरच्या बाईला माहीत असते. पण हेच पाणी पंपाचा पाइपही खाते, हे कळते पाइप तुटल्यावर. मोटर फिरते, पाणी चढत नाही, आणि गोठ्यात गुरे हंबरतात.

एका शेतकऱ्याचे असेच झाले. विहिरीतला लोखंडी पाइप खालच्या जोडापाशी तुटला. पितळेचा फूटव्हॉल्व्ह तळाला गेला. तो वर काढून पाहतात तो काय, जसाच्या तसा!

"काहून हो मिस्त्री? पितळ चांगलं अन् पाइपच कसा सडला?"

"भाऊ, त्या पितळेनंच पाइप खाल्ला."

मिस्त्री थट्टा करीत नव्हता. लोखंड आणि पितळ एकमेकांना भिडून खाऱ्या पाण्यात बुडाले, की त्यांचा बॅटरीसारखा सेल बनतो. त्यातली वीज फार थोडी. हाताला कळतसुद्धा नाही. पण ती वाहते तोवर लोखंड विरघळत जाते आणि पितळ वाचते. गोड्या पाण्यात हे हळू चालते. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून तिथे नुकसान जास्त.

समुद्रातल्या बोटींना हाच रोग आहे. म्हणून त्यांच्या लोखंडाला जस्ताचा तुकडा जोडतात. जस्त लोखंडाच्या आधी झिजते. ते संपत आले की नवे बसवायचे. त्याला रंग मात्र लावायचा नाही, नाहीतर त्याचे काम बंद! हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी ही युक्ती काढली. तांबे वाचले, पण त्यावर शेवाळ आणि शिंपले चढून जहाजे मंदावली. जस्ती पाइपावरही जस्तच असते. पण थर पातळ. तो संपला की लोखंडाची पाळी.

"मग मधात रबरी वायसर घालू?"

"त्यानं भागत नाही. आटे आट्याला भिडतातच. मधात प्लास्टिकचा तुकडा जोडा. नाहीतर सगळाच पाइप अन् फूटव्हॉल्व्ह प्लास्टिकचा घ्या."

मिस्त्रीने आणखी एक सांगितले. पितळेच्या मोठ्या वस्तूला लहान लोखंडी स्क्रू लावू नये. तो लवकर जातो. आणि नुसत्या लोखंडाला रंग देऊन पितळ उघडे ठेवू नये. रंग जिथे खरवडला, तिथेच लोखंडाला खोल भोक पडते.

घरी करून पाहा. दोन पेल्यांत मिठाचे पाणी घ्या. एकात साधा लोखंडी खिळा टाका. दुसऱ्यात तसाच खिळा, पण त्याला तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळून टाका. दोनतीन दिवसांनी कोणत्या पेल्यात तांबडा गंज जास्त साचला, ते वहीत लिहा.