गिट शिकवताना आधी काय? कमांड की आतली रचना?

नुकतेच कॉलेजातून आलेले आणि दहा वर्षं मुरलेले, असे दोन्ही डेव्हलपर एकाच टीममध्ये आहेत. सगळ्यांना गिट एकत्र शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी, असा एका टीम लीडचा प्रश्न आहे.

एकत्र बसवण्याचा बेतच आधी सोडलेला बरा.

ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणिताच्या विद्यार्थ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. नवख्यांना नुसती गणितं घालण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली, तर ते कमी वेळात शिकतात, असं त्यांत दिसलं. हीच उदाहरणं जाणकारांना मात्र उलट अडचणीची ठरतात, हेही पुढच्या संशोधनातून समोर आलं.

तेव्हा नवख्यांसमोर एकच फाइल घेऊन ब्रँच, कमिट, मर्ज असा फेरा पूर्ण करून दाखवावा. दुसऱ्या फेऱ्यात शेवटची पायरी त्यांच्याकडून करून घ्यावी, तिसऱ्यात शेवटच्या दोन.

मुरलेल्यांचं दुखणं वेगळं. कमांड तोंडपाठ, पण रिबेस फसला की फोल्डर उडवून पुन्हा क्लोन! (हे प्रत्येक ऑफिसात चालतं, कबूल कुणी करत नाही.) त्यांना प्रोजेक्टमधलं लपलेलं गिट फोल्डरच उघडून दाखवावं. नव्या ब्रँचच्या फाइलमध्ये एरवी फक्त ४० अक्षरांचा एक हॅश असतो. कमिट केलं की तो बदलतो, बस. ब्रँच म्हणजे कोडची कॉपी नव्हे, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. रिबेसआधीचा हॅश रिफलॉगमध्ये कसा शोधायचा, तेही तिथेच करून घ्यावं.