मज्जापेशीचे कार्य आणि आत्याचा हात

(द्वितीय वर्ष, कला)

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात मज्जासंस्थेवर एक प्रकरण असते. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ते रूक्ष वाटते. मीही ते परीक्षेपुरते पाठ करून सोडून देणार होते. परंतु गेल्या वर्षी त्यातील एका साध्या उदाहरणाचा आमच्या घराशी फार जवळचा संबंध निघाला. म्हणून हा लेखनप्रपंच.

सर प्रतिक्षिप्त क्रिया शिकवीत होते. तव्याला बोट लागले की हात झटकन मागे येतो. 'भाजले' हे मेंदूला कळण्यापूर्वीच तो मागे आलेला असतो, असे सरांनी सांगितले. मी ते वहीत लिहिले आणि थबकले. माझ्या आत्याचा हात मागे येत नाही! चुलीवरचे पातेले ती फडक्याशिवाय उतरवते. "अक्काचा हात म्हणजे लोखंड," असे घरात सारे कौतुकाने म्हणत. तिच्या करंगळीवर नेहमी एखादा फोड असे. तो कशाचा, हे तिलाही सांगता येत नसे.

त्या रात्री मी ते प्रकरण पुन्हा वाचले. या वेळी परीक्षेसाठी नव्हे.

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. शालेय पुस्तकांत आपण त्यांना चेतापेशी म्हणत होतो. प्रत्येक पेशीला संदेश घेणारे आखूड शिखातंतू असतात आणि संदेश पुढे नेणारा एक लांब अक्षतंतू असतो. पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण कमरेजवळून पायाच्या बोटापर्यंत जाणारा तिचा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो.

संदेश जातो कसा? विश्रांतीच्या वेळी पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. पुरेशी चेतना मिळताच पेशीच्या पटलातील सूक्ष्म दारे उघडतात व सोडियमचे धनभारित कण आत शिरतात. लगेच पोटॅशियमचे कण बाहेर पडून तो भाग पूर्ववत होतो, तोवर शेजारच्या भागात तीच उलथापालथ सुरू झालेली असते. माझे आईवडील बांधकामावर जात. तेथे मजुरांची रांग घमेली हातोहात पुढे देते. माणसे जागच्या जागी राहतात, घमेले मात्र पुढे जाते. मज्जावेगाचेही तसेच आहे. एका पेशीचा तंतू संपला की मध्ये अतिसूक्ष्म फट असते, तिला संधिस्थान म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती फट रासायनिक द्रव्य ओलांडते आणि पुढची पेशी चेतवते.

पूर्वी हा वेग मोजताच येणार नाही, असे मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटे. १८५० साली हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जेवर तो मोजला. तो सेकंदाला सुमारे ३० मीटर भरला. माणसाच्या काही तंतूंत तो १०० मीटरपर्यंत जातो. याचे कारण तंतूंवरील मायलिनचे आवरण. विजेच्या तारेवरील रबरासारखे ते असते. त्याला जागोजाग खाचा असतात व संदेश खाचेवरून खाचेवर उडी घेत जातो. हातापायांच्या मज्जांत हे आवरण श्वान नावाच्या पेशी तयार करतात.

तव्याचा चटका त्वचेकडून मज्जारज्जूत येतो आणि तेथूनच स्नायूला 'मागे घे' असा हुकूम सुटतो. मेंदूला बातमी थोडी उशिरा मिळते. पण त्वचेकडची वाटच तुटली तर हुकूम द्यायचा कोणी?

दुसऱ्या दिवशी मी सरांना आत्याविषयी विचारले. ते म्हणाले, "आधी डॉक्टरांना दाखवा." सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आत्याला डोळे मिटायला सांगून पेनच्या टोकाने बोटांना स्पर्श केला. करंगळीला केलेला स्पर्श तिला कळला नाही. मग त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूची मज्जा चाचपली. ती जाड झाली होती. कोपर आपटले की आपल्याला करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तीच ही मज्जा. तपासणीअंती निदान झाले, कुष्ठरोग.

या रोगाचे जंतू १८७३ साली हॅन्सेन यांनी शोधले. ते श्वान पेशींतच घर करतात. बोटे रोगाने गळून पडतात हा समज चुकीचा आहे. वेदना नसल्याने जखमा होतात, चिघळतात व बोटे झिजतात, हे वेल्लोर येथे १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. आज रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी रोग बरा होतो. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात, आणि उपचार सुरू होताच संसर्गाची भीती लवकरच नाहीशी होते.

हे मी घरी सांगितले तेव्हा आबा म्हणाले, "गावात बोलू नकोस. तुझ्या बहिणीचं लग्न व्हायचंय." आत्याचे ताट आठ दिवस वेगळे होते. मी मज्जापेशीची आकृती काढून आबांना समजावले. आकृती त्यांना कितपत कळली, ठाऊक नाही. पण नवव्या दिवशी त्यांनी स्वतः आत्याला आपल्या पंगतीला बसवले.

आत्याच्या सहा महिन्यांच्या गोळ्या पूर्ण झाल्या आहेत. करंगळीची संवेदना परत आली नाही, पण बाकीचा हात शाबूत आहे. आता ती पातेले फडक्याने धरते आणि रोज रात्री हात दिव्याशी नेऊन जखम झाली आहे का ते पाहते. तिच्या मज्जेचे काम तिचे डोळे करतात.

हा लेख लिहू का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "माझं नाव नको घालूस. पण लिही. कुणाच्या घरात असंच लोखंडी हाताचं कौतुक चाललं असेल."