तीन मीटरची लाट

बाळकुमच्या काठाशी खाडीचे पाणी भरतीला चढते, ओहोटीला उतरते. पण समुद्राची लाट येथवर येत नाही. वसईकडे खाडीच्या मुखाशी उथळ पाणी लागताच तिची गती मंदावते, उंची वाढते आणि ती फुटून जाते.

आमच्या गावातील एका मुलाचा मामा वसईच्या पाचूबंदरात मासेमारी करतो. त्या मुलाने एकदा मला विचारले, "गुरुजी, तीन मीटर लाटांचा इशारा होता. मामाने तर त्याहून मोठी लाट पाहिली. मग इशारा खोटा का?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. असे इशारे हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून निघतात. तेथे कोणी दुर्बीण लावून लाटा मोजीत बसत नाही. संगणकात समुद्राचे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन कल्पिलेले असतात. वाऱ्याने प्रत्येक चौकोनाला किती ऊर्जा दिली, शेजारी किती गेली, लाटा फुटून किती खर्ची पडली, असा जमाखर्च मांडतात. मग पुढच्या काही मिनिटांसाठी तोच हिशेब पुन्हा. यालाच गणिती प्रतिमान म्हणतात. दूर दक्षिणेच्या महासागरातील वादळाच्या लाटाही काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यास लागतात, म्हणून लहान पट पुरत नाही. आलेले उत्तर समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या यंत्रांच्या मोजणीशी ताडून पाहतात. हे गणित वहीत करायचे म्हटले असते, तर आमचा सारा वर्ग म्हातारा झाला असता!

आता तो तीनचा आकडा पाहा. सर्व लाटांपैकी सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची ती सरासरी असते. समजा, नऊ लाटा आल्या आणि त्यांतील सर्वांत उंच तीन लाटा २.५, ३ व ३.५ मीटरच्या होत्या. इशाऱ्यात आकडा येईल ३. साडेतीनची लाट त्यातच दडलेली! हजारो लाटांत तर एखादी दुपटीच्या जवळ जाते.

क्वचित ती दुपटीलाही ओलांडते. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रात नॉर्वेच्या द्राउप्नर या सागरी मंचावर २५.६ मीटरची लाट मोजली गेली. त्या वेळी वरील सरासरी सुमारे १२ मीटर होती. अशी एकटी लाट नेमकी कोठे उठेल, हे चौकोनांचे प्रतिमान सांगत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ पाण्याच्या गतीची समीकरणे सोडवून एकेक लाट संगणकात उभी करतात आणि अनेक लाटांचे माथे एकाच जागी कसे एकवटतात, ते पाहतात.

हा नुसता आकड्यांचा खेळ नव्हे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर समुद्रात 'पी-३०५' हे बार्ज बुडाले. नौदलाने शंभरावर माणसांना वाचविले. तरी अनेकांना जलसमाधी मिळाली.

त्या मुलाने नऊ लाटांचा हिशेब मामाला समजावून सांगितला. मामा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तीन लिहिले, की सहा धरायचे." पुढचा इशारा आला, तेव्हा त्याची होडी पाचूबंदरातच नांगरलेली होती.