नाताळगोठ्याची माती: घडवणे आणि वाळवणे



आगमनकाळ जवळ येत आहे. धर्मशिक्षण वर्गातील मुलांनी यंदाही गोठ्यातील मूर्ती स्वतःच्या हातांनी करायचे ठरवले आहे. त्यासाठी हवेवर वाळणारी माती, म्हणजेच 'एअर-ड्राय क्ले', वापरली जाईल. या मातीला भट्टी लागत नाही. ती घरातल्या टेबलावर घडते आणि फळीवर वाळते. म्हणून ती सोपी वाटते. घडवायला ती सोपी आहेच, पण वाळवताना मात्र लक्ष द्यावे लागते. आजच्या लेखात त्याविषयी थोडे समजून घेऊ या.

ही पद्धत नवी नाही

संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे पहिला गोठा उभा केला, हे आपण ऐकलेले आहे. घराघरांतल्या लहान मातीच्या मूर्तींची एक मोठी परंपरा फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात चर्च बंद झाली, सार्वजनिक गोठे थांबले आणि लोक घरीच छोटे गोठे मांडू लागले. मार्से शहरातील जाँ-लुई लान्येल (१७६४-१८२२) या कारागिराने प्लास्टरचे साचे करून त्यांतून मातीच्या लहान मूर्ती काढल्या. गरिबालाही त्या परवडू लागल्या. या मूर्तींना 'सांतों' म्हणतात, म्हणजे 'छोटे संत'. मार्सेमध्ये १८०३ साली सुरू झालेली त्यांची जत्रा आजही भरते. सुरुवातीच्या सांतों मूर्ती भाजलेल्या नसत. कच्ची माती हवेवर वाळवायची आणि वर रंग द्यायचा, एवढेच.

आपल्याकडे पेणचे मूर्तिकार शाडूच्या गणेशमूर्ती अशाच न भाजता वाळवतात. त्यांच्या कारखान्यात गेलात, तर फळ्यांवर वाळत ठेवलेल्या मूर्तींच्या रांगा दिसतील. घडवण्याइतकीच जागा आणि वेळ वाळवण्याला द्यावा लागतो, हे तेथे गेल्यावर न सांगता कळते.

दुकानात काय मागावे?

नुसते 'क्ले द्या' म्हटले, तर चार वेगळ्या वस्तूंपैकी कोणतीही हाती पडू शकते.

१. रंगीत कांड्यांची तेलकट क्ले. विल्यम हारबट या इंग्लंडमधील कलाशिक्षकाने १८९७ साली 'प्लॅस्टिसिन' तयार केले, त्याच जातीची ही. ती कधीच वाळत नाही. सरावाला उत्तम, गोठ्याला निरुपयोगी.

२. दोन भाग एकत्र मळायची क्ले. ही एम-सीलच्या जातीची. ती वाळत नाही, तर रासायनिक क्रियेने घट्ट होते. मजबूत असते, पण हातमोजे घालून वापरावी लागते. लहान मुलांच्या हाती देऊ नये.

३. फोमसारखी हलकी क्ले. वाळल्यावर रबरासारखी लवचीक राहते. मेंढरे आणि देवदूतांचे पंख यांना चांगली, पण बारीक चेहरेपट्टी तिच्यात नीट उठत नाही.

४. पांढरी किंवा विटकरी रंगाची, पाण्यात मळलेली माती. तिच्यात बारीक तंतू आणि चिकटपणासाठी बंधक घातलेले असते. आपल्याला हवी ती हीच.

ज्यांना विकत घेणे जड जाते त्यांनी घरी करावी. एक वाटी कॉर्नफ्लॉवर, एक वाटी फेविकॉल, चमचाभर तेल आणि लिंबाच्या रसाचे थोडे थेंब एकत्र मळून घ्यावे. हात चिकटू लागला तर आणखी थोडे कॉर्नफ्लॉवर घालावे. ही क्ले वाळताना बरीच आक्रसते, म्हणून मूर्ती थोडी मोठी करावी.

वाळते म्हणजे नेमके काय होते?

मातीचे कण अतिशय बारीक आणि चपटे असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा थर असतो. त्या पाण्यावरूनच कण एकमेकांवर घसरतात आणि माती बोटांना वळते. पाणी उडून गेले की कण जवळ सरकतात. वस्तू कठीण होते आणि थोडी लहानही होते.

अडचण येथेच असते. बाहेरचा भाग आधी वाळतो आणि आक्रसतो. आतला भाग अजून ओला आणि फुगलेला असतो. बाहेरचे कातडे ताणले जाते आणि फाटते. तोच तडा. मूर्तीचे धड जाड आणि हात पातळ असेल, तर हात आधी वाळतो आणि खांद्यापाशी ओढ बसते. मूर्ती उन्हात किंवा पंख्याखाली ठेवली, तर हा फरक आणखी वाढतो. सगळीकडची जाडी सारखी ठेवा आणि वाळणे सावकाश होऊ द्या. पुढच्या सर्व सूचना या दोन गोष्टींतूनच निघतात.

हत्यारे घरातच आहेत

क्लेच्या हत्यारांचे संच दुकानात मिळतात. ते मिळाले तर चांगलेच, पण सुरुवातीला स्वयंपाकघर पुरेसे आहे. पोळपाट-लाटणे, टूथपिक, आइस्क्रीमची काडी, जुना टूथब्रश, काटा-चमचा, ओला स्पंज. माती सारख्या जाडीची लाटण्यासाठी दोन्ही बाजूंना दोन सारख्या पट्ट्या ठेवाव्यात आणि लाटणे त्यांवरून फिरवावे. लसूण ठेचायच्या दाबयंत्रातून माती काढली की मेंढराची लोकर तयार होते. संपलेल्या बॉलपेनचे टोक डोळ्यांच्या खोबणीला पुरते. गोळा कापायला ताणलेला दोरा सुरीपेक्षा चांगला. ही साधने पुन्हा स्वयंपाकात घ्यायची नसली तर बरे, म्हणून जुनी वापरावीत.

मूर्ती करताना

पहिली गोष्ट, मूर्ती भरीव करू नका. अ‍ॅल्युमिनियम फॉइल घट्ट चुरगाळून धडाचा गाभा करा आणि त्यावर साधारण अर्धा सेंटीमीटर मातीचा सारखा थर द्या.

दुसरी गोष्ट, जोड. डोके धडावर नुसते दाबून बसवले तर वाळल्यावर निखळते. दोन्ही बाजूंना टूथपिकने ओरखडे काढा, मातीचा पाण्यात कालवलेला दाट घोळ लावा आणि मगच दाबा. मानेत टूथपिकचा तुकडा घातला तर आधार मिळतो.

तिसरी, पाणी बेताने. बोट ओले करून पृष्ठभाग गुळगुळीत करावा, पण माती भिजवू नये. जास्त पाणी म्हणजे जास्त आक्रसणे.

चौथी, वाळवणे. पहिला दिवस मूर्तीवर पातळ प्लॅस्टिक सैलसर झाका. नंतर ते काढून सावलीत, जाळीवर ठेवा आणि अधूनमधून फिरवा. पातळ वस्तूला एक-दोन दिवस, जाड वस्तूला चार दिवसही लागतात. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत थोडे अधिक धरा. वाळली की नाही हे पाहायचे असेल तर गालाला लावा. गार लागली, तर आत अजून ओल आहे.

पाचवी, शेवटचा हात. तडा गेला तर तोच दाट घोळ भरून पुन्हा वाळू द्या. पॉलिश पेपरने घासताना नाकाला रुमाल बांधा, धूळ छातीला चांगली नाही. मग अ‍ॅक्रिलिक रंग आणि वर व्हार्निश. एवढे करूनही ही मूर्ती पाण्याला टिकत नाही. उघड्यावरच्या गोठ्यात दव पडते, तेथे ती छपराखालीच ठेवावी.

तडा कोणाचा?

गेल्या वर्षी मुलांच्या बऱ्याच मूर्तींना मानेपाशी तडे गेले. एका मुलाचा योसेफ वाळायला ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे डोके बाजूला पडलेले होते. तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी मात्र त्याने माती हातात घेतली नाही. "मला जमत नाही, फादर," एवढेच म्हणाला. त्याच्या योसेफाचा चेहरा वर्गात सर्वांत चांगला उठला होता. त्याच्या हातात काही उणे नव्हते. भरीव धड आणि नाजूक मान एकाच वेळी वाळणार नव्हती, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

एखादी गोष्ट खऱ्या अर्थाने जाणणे म्हणजे तिची कारणे जाणणे, असे अ‍ॅरिस्टॉटल मानत असे. त्याच्याही विवेचनात पुतळ्याचे उदाहरण येते: पुतळा कशाचा, कोणत्या आकाराचा, कोणी केला आणि कशासाठी केला. आपल्याकडील तत्त्वज्ञानात मातीला घड्याचे उपादान कारण आणि कुंभाराला निमित्त कारण म्हणतात. हे वर्गातले पाठांतर वाटते, पण त्याचा उपयोग रोजच्या जगण्यात आहे. कारण कळले नाही की आपण माणसाला दोष देतो. मूल तर तो दोष स्वतःलाच लावून घेते आणि पुष्कळदा आयुष्यभर 'मला चित्रकला येत नाही', 'मला गणित येत नाही' असे म्हणत राहते. कारण कळले, तर त्याच मुलाला पुढच्या वेळी काय करायचे ते कळते.

यिर्मया संदेष्ट्याला कुंभाराच्या घरी पाठवले गेले, तेव्हा त्याने बिघडलेले भांडे पाहिले. कुंभाराने ती माती टाकून दिली नाही, त्याच मातीचे दुसरे भांडे केले (यिर्मया, अध्याय १८). माती ओली होती म्हणून ते शक्य झाले. मुलांचे वयही तसेच ओले असते.

म्हणून पालकांना एक विनंती. मुलाची मूर्ती वाकडी वाटली तर रात्री बसून ती सरळ करू नका. मेंढराचे पाय आखूड असले तरी चालतील. जाडी सारखी आहे का, जोड नीट आहे का, झाकून ठेवले का, एवढे पाहा. बाकीचे त्याच्यावर सोपवा.

समूहात चर्चेसाठी

१. आपल्या घरात 'मला जमत नाही' असे कोण म्हणते? त्यामागचे कारण आपण कधी शोधले आहे का?

२. मुलांच्या कामात आपला हात कोठे थांबावा?

सूचना: आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारपर्यंत मूर्ती घडवून व्हाव्यात, म्हणजे वाळायला आणि रंगवायला पुरेसे दिवस मिळतील. तडा गेलेल्या मूर्तीही आणाव्यात. त्या भरायला वर्गात घोळ तयार ठेवलेला असेल.

आपला सेवक,
प्रमुख धर्मगुरू