रंध्याच्या सालपटांची लेखणी

तिसरी-चौथीतील एखाद्या मुलाचे अक्षर वेडेवाकडे येऊ लागले की आपण त्याची वही पाहतो. हातातील लेखणी सहसा पाहत नाही. बाजारातील लेखणी बहुधा एकाच मापाची असते. आखूड बोटांना ती बारीक व निसरडी पडते. मूल ती आवळून धरते आणि अर्धे पान होते न होते तोच त्याचा हात दुखू लागतो. अशा मुलास आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या बोटांस बेतेल अशी जाड लेखणी त्यास देऊन पाहावी. ती कार्यानुभवाच्या तासास वर्गातच करता येते, आणि तिचे साहित्य गावच्या सुताराकडे पायदळी पडलेले असते.

रंधा मारताना निघणारी लांब, सलग सालपटे निवडावीत. पाते बोथट असल्यास सालपटांचे तुकडे पडतात. म्हणून नुकतीच धार लावली असेल तेव्हा ती मागून आणावीत. आंब्याचे लाकूड चांगले. सागवान दिसावयास सुरेख, परंतु त्याच्या अंगच्या तेलामुळे खळ नीट धरत नाही.

खळ मैद्याची शिजवावी. कीड लागू नये म्हणून पुस्तके बांधणारे कारागीर तीत मोरचूद घालतात. येथे ते मुळीच घालू नये. मोरचूद विषारी आहे, आणि लेखणीचे टोक चावणारी मुले कोणत्या वर्गात नसतात?

रिफिलीहून किंचित जाड अशी विणकामाची सुई घेऊन तिला मेणबत्ती घासावी. सालपटांच्या सुमारे दीड सें.मी. रुंदीच्या लांबट पट्ट्या कापून त्या पाण्याने किंचित ओलसर कराव्यात आणि खळ लावून सुईभोवती तिरप्या गुंडाळाव्यात. पहिला थर उजवीकडे तिरपा, तर दुसरा डावीकडे. येथे क्षणभर थांबून मुलांच्या हाती एकेक सुके सालपट द्यावे. धाग्याच्या दिशेने ते चटकन चिरते. त्याच दिशेने ओढले तर मात्र सहजी तुटत नाही. एका थराची उणीव दुसऱ्याने भरून निघावी म्हणून धागे एकमेकांस छेदतील असे ठेवावयाचे. प्लायवूडचे बळ याच युक्तीत आहे. सुताराचे मूल वर्गात असल्यास हा भाग त्यालाच सांगू द्यावा.

एका दिवसात तीन-चारच थर द्यावेत, नाहीतर आतील ओल तशीच राहते. सुई रोज थोडी फिरवून सैल ठेवावी. वाळवणे सावलीतच.

हस्तव्यवसायातून विषय शिकविण्याचा जो विचार १९३७ साली वर्धा येथील परिषदेत पुढे आला, त्याचा प्रत्यय येथे गणितात येतो. नळीचा बाहेरील व्यास १० मि.मी., आतील ४ मि.मी.; म्हणजे भिंत ३ मि.मी. थर १२ असतील तर एक थर पाव मि.मी. जाडीचा. हे उत्तर मुलांनी स्वतःच्या नळीवरून काढावे. प्रत्येकाचे निराळे येईल.

सुई काढून पॉलिश पेपरने घासण्याचे काम उघड्यावर, नाकास फडके बांधून करावे. लाकडाची धूळ छातीस अपायकारक असते. शेवटी जवसाच्या तेलाचा हलका हात द्यावा व काही दिवस सुकू द्यावे. शेंगदाण्याचे तेल चिकटच राहते. जवसाच्या तेलाचे फडके चुरगाळून टाकू नये, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. बाहेर पसरून वाळवावे.

रिफिल सैल वाटल्यास तिच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून बसवावी; शाई संपली की ओढून काढता येते. जाड सुईवर हीच नळी केल्यास तीत पेन्सिलीचा फेकून दिलेला तुकडाही बसतो.