तांदळाचे ग्रीक नाव

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तमिळ भाषेच्या उपासकांचे पुतळे आहेत. १९६८ च्या दुसऱ्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने उभारलेल्या या पुतळ्यांत बिशप रॉबर्ट कॉल्डवेल यांचाही पुतळा आहे. द्राविडी भाषांच्या तौलनिक व्याकरणात (पहिली आवृत्ती १८५६) त्यांनी ग्रीक 'ओरिझा' म्हणजे तांदूळ, या शब्दाचे मूळ तमिळ 'अरिसि'मध्ये दाखविले. इंग्रजी 'राइस' हा याच 'ओरिझा'चा लॅटिन, इटालियन आणि जुनी फ्रेंच या मार्गाने आलेला वंशज होय. साहजिकच हे मत तमिळ अभिमानाचा विषय बनले.

शब्दांचे साम्य खरोखर मोहक आहे. आपण शेतातल्या धान्याला भात व सडल्यावर तांदूळ म्हणतो, तसेच तमिळमध्ये 'नेल्' आणि 'अरिसि' हे भिन्न शब्द आहेत. व्यापाऱ्याने नेला असेल तो अरिसिच, असे सहज वाटते.

तथापि दोन अडचणी उद्भवतात. पहिली काळाची. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर, इ. स. पू. चौथ्या शतकातच थिओफ्रास्टसने 'ओरिझा'चे वर्णन केले. तमिळ किनाऱ्याशी ग्रीकांचा सागरी व्यापार भरभराटीस आला तो त्यानंतर काही शतकांनी. दुसरी अडचण ध्वनींची. संस्कृत 'व्रीहि', पश्तो 'व्रिझे' आणि फारसी 'बिरिंज' हे शब्द एकत्र ठेवले, की ग्रीक शब्दातील आरंभीचा 'ओ' हा 'व'च्या जागी आला आहे आणि 'झ' इराणी वळणाचा आहे, हे ध्यानात येते. म्हणून बहुतेक अभ्यासक हा शब्द खुष्कीच्या मार्गाने, एखाद्या इराणी भाषेतून ग्रीसला पोहोचला असे मानतात. 'व्रीहि' ऋग्वेदात नाही, अथर्ववेदात आहे; तो संस्कृतमध्ये कोठून आला याविषयी मात्र एकमत नाही.

आल्याची गोष्ट निराळी आहे. तमिळमध्ये आल्याला 'इंजि' आणि मुळाला 'वेर' म्हणतात. 'इंजि'च्या जुन्या रूपाचा आरंभ 'स'सारख्या ध्वनीने होत असे. त्या रूपाला 'वेर' जोडून पाली 'सिंगिवेर', पुढे ग्रीक 'झिंगिबेरिस' आणि अखेर इंग्रजी 'जिंजर' झाला. संस्कृतने त्याच शब्दात 'शृंग' पाहिले आणि 'शृंगवेर' असे रूप रूढ केले. येथे ध्वनी व अर्थ दोन्ही जुळतात.

केवळ साम्यावरून शब्दाचे कूळ ठरत नाही. तो कोणत्या वाटेने व कोणत्या काळी गेला, हेही पाहावे लागते. त्या कसोटीवर तमिळचा तांदळावरील दावा सुटतो, परंतु आल्यावरील दावा अधिक भक्कम होतो.